सही नसलेलं जुनं डच किंवा फ्लेमिश निसर्गचित्र हातात आलं तर काय काय बघायचं, पायरी पायरीने

माझ्या टेबलावर एक ओकची फळी आहे, २७ बाय ३८ सेंटिमीटर, ए-थ्री कागदापेक्षा जराशी लहान. तिच्यावर नदी आहे, नदीत एक तर, म्हणजे नदी ओलांडायची होडी, तरीत सात माणसं आणि दोन गायी, उजव्या काठाला वाकडी झाडं, आणि वरचा जवळजवळ दोन तृतीयांश भाग नुसतं ढगाळ आभाळ. सगळं मिळून तीन-चार रंग, तेही मातकट आणि राखाडी. मी नेदरलँड्समधल्या हार्लेमच्या जवळ राहतो, इथल्याच एका छोट्या गावातल्या लिलावात ही मिळाली. कॅटलॉगमध्ये 'डच स्कूल, सतरावं शतक' एवढंच होतं, पण विकणाऱ्याने हळूच सांगितलं की खाली कोपऱ्यात यान व्हान खोयेनची, म्हणजे सतराव्या शतकातल्या नावाजलेल्या डच निसर्गचित्रकाराची, सही आहे बरं का. ती सही खोटी निघाली, ते पुढे येईलच. पण त्या निमित्ताने मी गेली काही वर्षं अशा अनामिक चित्रांच्या मागे लागलोय, आणि मराठीत यावर सलग कुठे काही वाचायला मिळालं नाही म्हणून हे सगळं एका जागी लिहून काढतोय.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगतो, बाकी सगळं तिच्यावरच उभं आहे. चित्रकाराचं नाव शोधायचं काम सगळ्यात शेवटी करायचं. बहुतेक लोक उलटं करतात, आधी नाव मनात धरतात आणि मग त्या नावाला जुळणाऱ्या खुणा शोधत बसतात, आणि एकदा असं झालं की डोळ्यांना दुसरं काही दिसतच नाही. आधी लाकूड, मग अस्तर (रंगाखालचा तयारीचा थर), मग रंग, मग चित्रातली जागा आणि माणसं, आणि सगळ्यात शेवटी नाव, हा क्रम सोडायचा नाही.

आणि अनामिक म्हणजे कमअस्सल असंही नाही. सतराव्या शतकात हॉलंडमध्ये न्हावी, बेकरीवाला, विणकर यांच्या घरांतसुद्धा भिंतीवर चित्रं असायची, जत्रेत विकली जायची, लॉटरीत बक्षीस म्हणून लावली जायची. माणूस मेल्यावर घरातल्या सामानाची यादी करायला नोटरीचा माणूस यायचा आणि तो त्या यादीत बऱ्याचदा 'एक छोटं निसर्गचित्र' एवढंच लिहून पुढच्या पातेल्याकडे वळायचा. म्हणजे पुष्कळ चित्रांची नावं तेव्हाच, पहिल्या मालकाच्या घरातच हरवली. शिवाय एका उस्तादाच्या हाताखाली तीन-चार शिकाऊ पोरं असायची, त्यांनी केलेलं काम उस्तादाच्या कारखान्यातून विकलं जायचं, त्यांना स्वतःची सही करायची मुभा साधारणपणे नसायची.

पायरी १: आधी हात आवरा

ही पायरी छोटी आहे पण चुकली तर बाकीच्या सगळ्या वाया. चित्र पुसू नका. ओल्या कापडाने नाही, बटाट्याच्या फोडीने नाही, पावाच्या मऊ भागाने नाही, इंटरनेटवर दिसणाऱ्या कुठल्याही घरगुती उपायाने नाही. वरचं पिवळं व्हर्निश घाण वाटतं, पण त्याच्या लगेच खाली रंगाचा इतका पातळ थर असतो की एका पुसण्यात झाडाची पानं निघून जातात, आणि गेलेलं परत येत नाही. जुन्या चित्रांची खरी हानी बऱ्याचदा अशा हौशी सफाईनेच झालेली असते.

फळीवरचं चित्र असेल तर ते उन्हात, रेडिएटरवर किंवा एसीच्या झोतात ठेवू नका. ओक हवेतल्या दमटपणाने फुगतो आणि कोरड्या हवेत आकसतो, वरचा रंग तसा ताणत नाही, म्हणून तो सुटून वर येतो. दमटपणा ५० टक्क्यांच्या आसपास आणि मुख्य म्हणजे स्थिर पाहिजे, रोज वरखाली होणारा नको. मुंबईत किंवा कोकणात कुणाकडे असं काही असेल तर पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीवर ते टांगू नये. रंग कुठे उचललेला दिसला, पापुद्रा सुटतोय असं वाटलं, तर चित्र आडवं ठेवा, रंगाची बाजू वर, आणि तडक जाणकार रिस्टोररला दाखवा.

पायरी २: चित्र उलटं करा

चित्राची पाठ ही माझी सगळ्यात आवडती जागा आहे, कारण पुढच्या बाजूला चित्रकार तुम्हाला जे दाखवायचं ते दाखवतो, पाठीमागे तसं कुणी ठरवून काही केलेलं नसतं.

फळी असेल तर आधी लाकूड कुठलं ते बघा. नेदरलँड्स आणि फ्लँडर्समध्ये (आजच्या बेल्जियमचा भाग, तिथलं ते फ्लेमिश) त्या काळी जवळजवळ सगळीकडे ओक वापरायचे, इटलीत पॉप्लर. त्यातला चांगला ओक बाल्टिक भागातून यायचा, आजच्या पोलंडमधल्या ग्दान्स्क बंदरातून जहाजाने. तिकडे थंडीत झाड हळू वाढतं, म्हणून कड्या (खोडात वर्षाला एक वाढणारी वलयं) अगदी बारीक आणि एकसारख्या, आणि फळी सरळ राहते. खोड मधोमध चिरून त्रिज्येच्या दिशेने फळ्या काढायचे, म्हणजे कडेच्या बाजूने बघितलं तर कड्या पृष्ठभागाला जवळजवळ काटकोनात उभ्या दिसतात. तशा दिसल्या नाहीत, तिरप्या किंवा आडव्या गेल्या, तर जरा सावध व्हा.

मग कडा बघा. फळी चौकटीच्या खाचेत बसावी म्हणून पाठीमागून चारही कडा उतरत्या तासलेल्या असतात. माझ्या फळीला हा उतार तीनच बाजूंना आहे, डाव्या बाजूला कड सरळ काटलेली आहे, जाडी तशीच. पुढे वळवून बघितलं तर तिथेच तरीतल्या दुसऱ्या गायीचा मागचा भाग गायब. म्हणजे कुणीतरी कधीतरी डावीकडून चित्र कापलं, बहुतेक हाताशी असलेल्या चौकटीत बसवायला. कॅटलॉगमधला फोटो फक्त पुढचा होता, त्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नाही. कापलेल्या तुकड्यावर काय होतं ते आता कळणार नाही, सहीसुद्धा तिकडेच असू शकते.

बेल्जियममधल्या अँटवर्पच्या फळ्यांना आणखी एक खूण असते आणि ती सापडली तर लॉटरी लागल्यासारखंच. १६१७ साली तिथल्या फळी बनवणाऱ्यांसाठी नियम झाला की प्रत्येक फळीवर बनवणाऱ्याने स्वतःचं चिन्ह उमटवायचं आणि गिल्डच्या, म्हणजे कारागिरांच्या संघटनेच्या, माणसाने तपासून शहराचा शिक्का तापवून मारायचा. तो शिक्का म्हणजे एक किल्ला आणि त्याच्यावर दोन हाताचे पंजे, अँटवर्पचं नगरचिन्ह. लाकडात कीड असेल किंवा कडेचं कोवळं लाकूड आलं असेल तर फळी नापास. मिखिएल फ्रिंट नावाच्या फळीवाल्याचं एम आणि व्ही जोडलेलं चिन्ह पुष्कळ चित्रांच्या पाठीवर सापडतं. पण यात एक गोम आहे, शिक्का फळीचा आहे, चित्राचा नाही. त्याच्यावरून फळी अँटवर्पची आणि साधारण कुठल्या वर्षांतली ते कळतं, चित्र कुणी काढलं ते कळत नाही.

आता कड्यांची मोजणी. हे घरी होत नाही, पण कसं चालतं ते माहीत असलेलं बरं कारण लिलावाच्या रिपोर्टमध्ये ते आकडे येतात आणि लोक चुकीचे वाचतात. तज्ज्ञ फळीच्या कडेवर कड्यांची रुंदी मोजतात आणि त्या त्या प्रदेशाच्या झाडांच्या तयार आलेखाशी जुळवतात. हॅम्बुर्गच्या पीटर क्लाइन यांनी अशा शेकडो फळ्या तपासल्या. समजा फळीवरची शेवटची कडी १६१५ सालची निघाली. झाड त्या साली तोडलं का? नाही. बाहेरचं कोवळं लाकूड फळीवाला काढून टाकायचा, बाल्टिक ओकमध्ये त्याच्या कमीत कमी ९ आणि साधारण १५ कड्या धरतात. ९ धरल्या तर झाड लवकरात लवकर १६२४ ला पडलं, त्यात फळी वाळायला किमान २ वर्षं, म्हणजे १६२६ च्या आधी चित्र नाही. १५ धरल्या तर १६३२. आणि हे सगळं 'याच्या आधी नाही' एवढंच सांगतं, 'याच वर्षी' असं कधीच सांगत नाही. फळी दुकानात दहा वर्षं पडून असू शकते, आणि नंतरच्या काळातला बनवेगार जुनी फळी घेऊन तिच्यावर नवं चित्र काढू शकतो. 'याच्या नंतर नाही' हे ठरवायला रंगच लागतो.

कॅनव्हास असेल तर कडांना बघा की धाग्यांची लाट दिसते का, ताणून खिळे मारताना कापड ओढलं जातं त्याची ती लाट असते. एका बाजूला लाट नसेल तर तिकडून कापलंय. पाठीमागे दुसरं कापड चिकटवलेलं असणं नेहमीचं आहे, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. फळीच्या पाठीवर लाकडी पट्ट्यांची जाळी चिकटवलेली दिसली तर ती बहुतेक एकोणिसाव्या किंवा विसाव्या शतकातली दुरुस्ती असते, आणि ती बसवताना पाठ रंधून पातळ केलेली असते त्यामुळे जुन्या खुणा गेलेल्या असतात, वाईट वाटतं पण असं आहे.

राहिलेलं सगळं, कागदी लेबलं, लाखेच्या मोहरा, खडूने लिहिलेले आकडे, काळ्या शाईत साच्याने छापलेले नंबर, यांचे फोटो काढा, एकही सोडू नका, अर्धवट फाटलेलं लेबलसुद्धा. क्रिस्टीज या लिलावघरात आलेल्या चित्रांच्या पाठीवर असे साच्याचे काळे नंबर असतात आणि त्यांच्यावरून कुठल्या विक्रीत चित्र आलं होतं त्याचा माग लागू शकतो.

पायरी ३: टॉर्च आणि भिंग

खोली अंधारी करा आणि टॉर्च चित्राच्या बाजूने, अगदी कडेला समांतर धरून मारा. सरळ उजेडात जे सपाट दिसत होतं त्याच्यात आता डोंगरदऱ्या दिसतात: फळ्यांचे जोड, बुजवलेली भोकं, ब्रशचे फटकारे, आणि कधीकधी खालच्या जुन्या आकाराचा उठाव, म्हणजे चित्रकाराने आधी झाड इकडे काढलं होतं आणि मग बदललं. नक्कल करणाऱ्याला असं बदलायची गरज नसते, समोर तयार चित्र असतं, म्हणून असे बदल दिसले तर मला फार आनंद होतो.

मग दहापट भिंग. खोयेन आणि त्याच्या आसपासचे लोक खडू आणि सरसाचं अगदी पातळ अस्तर घ्यायचे, फळीच्या रेषा जेमतेम भरतील एवढंच, आणि त्याच्यावर पातळ रंग, ओल्यावर ओला. आभाळात तुम्हाला लाकडाच्या आडव्या रेषा दिसतात त्या त्यामुळे. आज त्या चित्रकाराला अपेक्षित होत्या त्याहून जास्त दिसतात कारण शिशाचा पांढरा रंग तेलात काळाप्रमाणे पारदर्शक होत जातो.

आता ती सही. माझ्या फळीवर उजव्या कोपऱ्यात, काठाच्या चिखलात, व्ही आणि जी एकमेकांत अडकवलेली अक्षरं आहेत, खोयेन तशी सही करायचा हे खरं. भिंगाखाली धरल्यावर दिसलं की अक्षराचा काळा रंग तडा आल्यावर थांबत नाही, तड्याच्या आत उतरलाय, खाचेत साचलाय. रंगाला तडे जायला पुष्कळ वर्षं लागतात. म्हणजे चित्र वाळून, तडकून झाल्यावर कुणीतरी सही केली. चित्राबरोबर केलेली सही असती तर तडा अक्षरालाही चिरत गेला असता. इतकी साधी तपासणी आहे आणि घरी होते. त्याच्यापुढे जाऊन अल्ट्राव्हायोलेट टॉर्चने बघितलं, डोळ्याला संरक्षण देणारा चष्मा लावून, तर जुनं व्हर्निश हिरवट चमकतं आणि त्याच्यावर नंतर केलेले रंगकाम काळे डाग दिसतं. सहीची अक्षरं चमकीच्या वर काळीकुट्ट तरंगत होती.

पायरी ४: रंग काय सांगतो

रंगांची नेमकी तपासणी लॅबमध्येच होते, पण काही गोष्टी डोळ्यालाही कळतात. त्या काळी निळ्यासाठी स्वस्त पर्याय म्हणजे स्माल्ट, कोबाल्ट घातलेली निळी काच दळून केलेली पूड. तेलात ती काही दशकांत निळेपणा सोडते आणि राखाडी-तपकिरी होते. त्यामुळे एखादं आभाळ आज उदास करड्या रंगाचं दिसतं तेव्हा ते तसंच रंगवलं होतं असं धरून चालू नका. झाडांचंही तसंच, पानांच्या हिरव्यात वनस्पतींपासून काढलेला पिवळा मिसळलेला असायचा, तो उजेडाने उडून जातो, आणि उरतं निळसर झाड. फ्लेमिश जंगलाच्या चित्रांत अशी निळी झाडं बघून लोक म्हणतात काय कल्पना आहे, पण ती कल्पना नाही, पिवळा उडालाय.

लॅबचा रिपोर्ट हातात आला तर चार नावं शोधा. प्रशियन ब्लू बर्लिनमध्ये अठराव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला सापडला, तो मूळ थरात निघाला तर चित्र सतराव्या शतकातलं नाही. कृत्रिम अल्ट्रामरीन, हाही निळाच, १८२८ नंतरचा. टायटॅनियम व्हाइट साधारण १९२० नंतरचा. आणि उलट्या बाजूने, शिसं आणि कथिल मिळून केलेला एक पिवळा रंग (लेड-टिन यलो) आहे, तो १७५० च्या सुमारास वापरातून गेला आणि लोक त्याला इतके विसरले की १९४१ मध्ये तो नव्याने ओळखावा लागला, म्हणून तो मूळ थरात मिळाला तर फार चांगली खूण. फक्त नमुना कुठून घेतला ते बघा, दुरुस्तीच्या डागातून घेतला असेल तर तारीख दुरुस्तीची निघणार.

पायरी ५: क्षितिज कुठे आहे

आता पुढे या आणि चित्र बघा. मी पहिल्यांदा पट्टी घेतो आणि क्षितिज खालून किती उंचीवर आहे ते मोजतो. हास्यास्पद वाटेल पण यातून फार कळतं.

क्षितिज खूप वर, चित्राच्या वरच्या चतुर्थांशात असेल, तुम्ही जणू कड्यावर उभे राहून नदी, खडक, गावं, बंदरं सगळं एकदम बघताय, आणि जवळचं तपकिरी, मधलं हिरवं, लांबचं निळं असे तीन पट्टे असतील, तर तुम्ही सोळाव्या शतकातल्या अँटवर्पजवळ आहात. याची सुरुवात करणाऱ्यांत योआखिम पातिनीर सगळ्यात मोठा, तो १५२४ मध्ये वारला. जर्मन चित्रकार ड्युरर १५२१ साली अँटवर्पमध्ये त्याच्या लग्नाला हजर होता आणि त्याने आपल्या डायरीत पातिनीरला चांगला निसर्गचित्रकार म्हटलंय. असल्या चित्रांत कुठल्यातरी कोपऱ्यात एक छोटासा संत असतो, गुहेत बसलेला जेरोम किंवा इजिप्तला पळून जाणारं येशूचं कुटुंब, आणि निसर्ग त्याच्या पन्नास पट मोठा. सपाट देशात हे खडक कुठून आले असं वाटतं ना, पातिनीर म्यूज नदीच्या खोऱ्यातल्या दिनान्तच्या बाजूचा होता, आणि तिथे नदीकाठी असे सुळके खरंच उभे आहेत. मी बघून आलो, उन्हात ते चित्रातल्यासारखेच दिसतात.

त्याच्या मागून हेरी मेट डे ब्लेस येतो, तो चित्रात कुठेतरी घुबड लपवायचा, म्हणून इटलीत त्याला घुबडवाला म्हणूनच ओळखायचे. पण घुबड दिसलं की ब्लेस, असं करू नका, शितावरून भाताची परीक्षा इथे चालत नाही, घुबडं इतरांनीही काढली.

मग १५८५. स्पॅनिश फौजांनी अँटवर्प घेतलं आणि प्रॉटेस्टंट लोक उत्तरेला निघाले, त्यांच्यात विणकर, छापखानेवाले, आणि चित्रकार. हिलिस व्हान कोनिंक्सलो अँटवर्प सोडून आधी जर्मनीत फ्रांकेंटालला आणि मग १५९५ ला अॅमस्टरडॅमला आला. त्याच्या चित्रांत नजर डोंगरावरून उतरून जंगलाच्या आत शिरते, प्रचंड बुंधे, अंधार, मधून एक उजेडाची फट. दक्षिणेत राहिलेला योस डे मॉम्पर मात्र १६३५ मध्ये मरेपर्यंत डोंगरच काढत राहिला, निळे, तुटक, सुरीने कापल्यासारखे. म्हणून नुसतं 'फ्लेमिश म्हणजे जुनं, डच म्हणजे नवं' असं गणित करू नका, दोन्ही शेजारी शेजारी चालू होती.

आणि क्षितिज खाली आलं, चित्राच्या खालच्या तिसऱ्या भागात, वर नुसतं आभाळ, खाली वाळूचा रस्ता किंवा नदी, आणि सगळे रंग एकमेकांत विरघळलेले, की तुम्ही हार्लेमच्या बाजूला साधारण १६२५ ते १६५० मध्ये आलात. एसाइआस व्हान डे व्हेल्डे, पीटर मोलेन, सालोमोन व्हान राउसदाल, आणि यान व्हान खोयेन, १५९६ ते १६५६. माझी फळी इथली आहे. तरीची होडी आणि तिच्यात गायी हा विषय सालोमोन आणि खोयेन दोघांनी १६३० नंतर पुन्हा पुन्हा रंगवला. हे रंग इतके कमी का, याचं एक उत्तर जॉन मायकल मोंटियास या अर्थतज्ज्ञाने दिलं. तो डेल्फ्ट शहराच्या जुन्या कागदपत्रांत वर्षानुवर्षं बसलेला माणूस, त्याचं म्हणणं असं की कमी रंग आणि पातळ हात म्हणजे एक चित्र लवकर होतं, स्वस्त पडतं, आणि मग ते बेकरीवाल्याला परवडतं. मला हे पटतं, पण पूर्ण नाही. नोव्हेंबरच्या सकाळी हार्लेमच्या बाहेर स्पार्ने नदीवर सायकल थांबवून उभे राहा, समोर खरोखर तीनच रंग असतात.

१६५० नंतर रंग परत गडद होतात, याकोब व्हान राउसदालचे ढग आणि ओक येतात, आणि त्याच्या थोडं आधीपासूनच इटलीत राहून आलेल्या यान बोट वगैरेंच्या चित्रांत संध्याकाळचं सोनेरी ऊन, जे हॉलंडमध्ये मी तरी अजून पाहिलेलं नाही.

पायरी ६: माणसं वेगळी बघा

निसर्ग एकाचा आणि माणसं दुसऱ्याची हे तेव्हा सर्रास चालायचं. माद्रिदच्या प्रादो म्युझियममध्ये संत अँथनीचं एक चित्र आहे त्यात निसर्ग पातिनीरचा आणि माणसं क्वेन्टिन मासेसची. मॉम्परच्या डोंगरांत यान ब्रॉयगलने माणसं घातली, याकोबच्या काही चित्रांत आद्रियान व्हान डे व्हेल्डेने. म्हणून माणसांवर आणि झाडांवर भिंग वेगवेगळं फिरवा. माणसाखाली निसर्गाचा रंग आधीच वाळलेला दिसतो का, की दोन्ही ओल्यात मिसळलेत? माझ्या चित्रात तरीवाल्याची लाल टोपी हा सगळ्या चित्रातला एकमेव लाल ठिपका आहे, ब्रशचा एकच दाब, आणि त्याची कड खालच्या राखाडीत किंचित ओढली गेलीय. म्हणजे राखाडी ओला असतानाच लावलाय. होडी, पाणी आणि माणसं एकाच बैठकीतली, एकाच हाताची.

कपड्यांवरून तारीख काढता येते, पण गरीब शेतकऱ्यांचे कपडे वीस-वीस वर्षं बदलत नाहीत, श्रीमंताची कॉलर असेल तरच उपयोग. मागचा चर्चचा मनोरा ओळखीचा वाटला तर जपून. खोयेनने उत्रेख्तजवळचा पेलेकुसेनपोर्ट नावाचा दरवाजा वेगवेगळ्या चित्रांत हव्या त्या नदीकाठी नेऊन ठेवलाय. मनोरा ओळखू आला म्हणजे जागा ओळखू आली असं होत नाही.

पायरी ७: ही नक्कल तर नाही ना

इथे दोन गोष्टी सांगतो, त्या दोन्ही मला रोज उपयोगी पडतात.

अँटवर्पमध्ये १५५९ आणि १५६१ मध्ये हिरोनिमुस कॉक या प्रकाशकाने छोट्या निसर्गचित्रांच्या छापांचे दोन संच काढले, एकूण ४४ चित्रं, गावाबाहेरच्या झोपड्या, कुंपणं, वळणाचे रस्ते. पातिनीरच्या खडकांच्या जमान्यात इतकं साधं काही नव्हतंच. रेखाटनं कुणाची ते कॉकने छापलं नाही. १६०१ ला अँटवर्पच्या फिलिप्स खाले या प्रकाशकाने परत छापली तेव्हा नाव घातलं कॉर्नेलिस कॉर्टचं. १६१२ ला अॅमस्टरडॅममध्ये फिसखर या प्रकाशकाने त्यातल्या काहींच्या नकला काढल्या आणि नाव घातलं प्रसिद्ध चित्रकार पीटर ब्रॉयगलचं, तेव्हा ते नाव खपायचं. आज अभ्यासक त्या मूळ चित्रकाराला 'छोट्या निसर्गचित्रांचा उस्ताद' म्हणतात आणि सोडून देतात. अकरा वर्षांत एकाच कामाला दोन वेगवेगळी नावं चिकटली, आणि दोन्ही दुकानदारांनी चिकटवली.

दुसरी गोष्ट ब्रसेल्सच्या रॉयल म्युझियममधलं इकारस, म्हणजे ग्रीक कथेत पंख लावून उडालेला मुलगा, समुद्रात पडतानाचं निसर्गचित्र. १९१२ ला विकत घेतलं, पीटर ब्रॉयगलचं म्हणून जगभर गाजलं. १९९८ मध्ये कॅनव्हासची कार्बन तपासणी झाली आणि आता बऱ्याच अभ्यासकांचं मत असं की रचना ब्रॉयगलची असेल पण हे चित्र त्याच्या मृत्यूनंतरची, सोळाव्या शतकाच्या शेवटची नक्कल असावी. ब्रॉयगल १५६९ ला वारला. ब्रसेल्समध्येच व्हान बुरेन म्युझियममध्ये दुसरी, फळीवरची प्रत आहे, तिच्यात आकाशात इकारसचा बाप डेडलस उडताना दिसतो. मोठ्या चित्रात डेडलस नाही, तरी मेंढपाळ वर आभाळाकडे बघतोय. तो काय बघतोय हे दुसरी प्रत बघितल्यावर कळतं. नक्कल ओळखायची युक्ती इथेच आहे: चित्रात अशी काही हालचाल शोधा जिचं कारण चित्रात नाही.

पायरी ८: घरबसल्या शोध

द हेगमध्ये आरकेडी नावाची संस्था आहे, डच आणि फ्लेमिश कलेच्या फोटोंचा आणि नोंदींचा प्रचंड साठा, आणि त्यांचा चित्रांचा डेटाबेस ऑनलाइन फुकट आहे. तिथे नाव टाकून नाही, विषय टाकून शोधा: नदी, तरीची होडी, गायी, फळी, मग साल १६३० ते १६५०. शंभर-दोनशे चित्रं येतात, सगळी शांतपणे बघा, एका बैठकीत नको, तीन-चार दिवसांत. जुळणारी वाटली त्यांची वेगळी फाइल करा आणि झाडाची पानं, लाटा, गायींची शिंगं यांचे तुकडे शेजारी शेजारी ठेवा. चित्रकार मोठ्या रचनेत दुसऱ्याची नक्कल करतो, पण पानं तो हाताच्या सवयीनेच काढतो. फ्लेमिश असेल तर ब्रसेल्सच्या किक-इर्पा संस्थेचा फोटोसाठा बघा. राइक्सम्युझियमच्या साइटवर मोठे फोटो मोफत उतरवता येतात, ब्रशचा फटकारा दिसेपर्यंत झूम होतात.

मुंबईत असाल तर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटा यांच्या संग्रहातून आलेली युरोपियन चित्रं आहेत. तिथे एक दुपार काढा आणि लेबल न वाचता चित्र आधी बघा, अस्तर, क्षितिज, माणसं याच क्रमाने, मग लेबल. स्क्रीनवर डोळा तयार होत नाही, खऱ्या तैलरंगासमोरच होतो.

पायरी ९: लेबल लिहा

लिलावातल्या आणि म्युझियममधल्या शब्दांना वजन असतं, ते समजून घ्या. नुसतं नाव म्हणजे चित्र त्याचंच असं त्यांचं मत. 'चं मानलेलं' म्हणजे बहुधा त्याचं. 'च्या कारखान्यातलं' म्हणजे त्याच्या देखरेखीखाली दुसऱ्या हाताने. 'च्या वर्तुळातलं' म्हणजे त्याच काळातलं, ओळखीच्या कुणाचं तरी. 'चा अनुयायी' म्हणजे त्याच्या वळणाने काढणारा, शिष्य असेलच असं नाही. 'च्या शैलीत' म्हणजे काळ नंतरचाही असू शकतो. 'वरून' म्हणजे सरळ नक्कल. खाली उतरत जाल तशी किंमतही उतरते, म्हणून विकणारा नेहमी एक पायरी वरचा शब्द वापरायला बघतो.

खोयेनबद्दल एक विचार करा. त्याची हजाराच्या वर चित्रं आज माहीत आहेत आणि त्यातल्या फार मोठ्या भागावर त्याची सही आणि साल आहे. मग त्याच्यासारखंच दिसणारं पण सही नसलेलं चित्र आलं की 'सही राहून गेली असेल' याच्याआधी 'दुसऱ्या कुणाचं असेल' हे मनात यायला हवं. माझ्या बाबतीत तर कुणाला तरी सही नंतर घालावी लागली. आरकेडीमध्ये तीन महिने घालवले, सालोमोनची पानं अशी नाहीत, खोयेनच्या गायींचे पाय असे संपत नाहीत, एका तिसऱ्याच हाताच्या दोन बिनसहीच्या चित्रांशी लाटा मात्र जुळल्या.

लेबल छोट्या कागदावर लिहिलं, पाठीवर चिकटवलं नाही, चौकटीला दोऱ्याने बांधलं: 'अनामिक, हार्लेम परिसर, साधारण १६३५ ते १६४५. तरीतली माणसं आणि गायी. ओकची एकसंध फळी, २७ बाय ३८ सेंमी, डावीकडून कापलेली. उजवीकडची सही नंतरची.' खाली तारीख टाकली आणि पेन्सिलनेच लिहिलं, म्हणजे पुढच्या माणसाला जास्त कळलं तर त्याला खोडता येईल.